स्तोत्रं म्हणताना शब्द घशात अडकतात तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील बरेच महिने अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यातच तुमची नोकरी गेली. चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी रोज सकाळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 91 म्हणायला सांगितलं. तुम्ही ते नेमाने म्हणत आलात. पण आता 'आजूबाजूला हजारो पडले तरी तुला काही होणार नाही' या अर्थाची ओळ आली की शब्द घशात अडकतात. देवावर भरवसा ठेवा, वेगळ्या दृष्टीने पाहा, असं जो तो सांगतो. भरवसा वाटत नसताना भरवशाचे शब्द म्हणणं हे ढोंग नाही का, आणि ही वेगळी दृष्टी आणायची कुठून, असं तुम्ही विचारता.

मी आजाऱ्यांच्या भेटीला जाऊन त्यांच्यासोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत प्रार्थना करते. हे काम करता करता बरीच वर्षं झाली. स्तोत्रसंहिता मी जेवढी पुस्तकांतून शिकले, त्याहून जास्त लोकांच्या उशाशी बसून शिकले. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देते.

तुमचा विश्वास कमी पडतोय असं मला वाटत नाही. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याच्या घशात शब्द अडकत नाहीत. तो सराईतपणे म्हणून मोकळा होतो. तुमची अडचण निराळी आहे. स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांतलं एक उचलून तुमच्या हातात दिलं गेलं, औषधाच्या गोळीसारखं, सकाळी एक. गुण आला नाही तेव्हा तुम्हाला वाटलं की एक तर गोळी खोटी, नाहीतर आपल्यातच काही खोट. स्तोत्रांचं काम या पद्धतीने चालत नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. वडिलांचा आजार बरा होण्यातला आहे की नाही, त्यांना स्वतःला प्रार्थना हवी असते की नको, घरात तुम्हाला हातभार लावणारं कोणी आहे का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. आणि एक स्पष्ट सांगते: झोप कायमची उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. स्तोत्रं चालू ठेवा, पण उपचारांच्या जागी ठेवू नका. रात्रभर आसवांनी अंथरूण भिजवणारा सहाव्या स्तोत्राचा कर्तासुद्धा 'माझी हाडं ठणकताहेत, मला बरं कर' असंच म्हणतो. मला काही झालेलंच नाही, असं नाही म्हणत.

आता 91 बद्दल. हे स्तोत्र मला फार प्रिय आहे, पण ते जपून वापरावं लागतं. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, त्याचं वचन एकदा चुकीच्या तोंडी येतं. रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूची परीक्षा होते. सैतान त्याला मंदिराच्या शिरोभागी उभं करून खाली उडी टाक म्हणतो, आणि आधार कुठला देतो, तर याच स्तोत्राचा: देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला ठेच लागणार नाही. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानकारांनी हे लिहून ठेवलं आहे. येशू त्या वचनाला खोटं म्हणत नाही. पण ते हमीपत्र म्हणून देवापुढे धरायला तो नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढंच त्याचं उत्तर. म्हणून 'हे म्हण, म्हणजे तुझ्या घरी काही वाईट होणार नाही' असं सांगून कोणी हे स्तोत्र देतं, तेव्हा मी सावध होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण अशा दिलेल्या शब्दावर पुढे माणसं देवाशी अबोला धरतात.

शिवाय हेच स्तोत्र शेवटपर्यंत नीट म्हणून पाहा. शेवटच्या तीन वचनांत आवाज बदलतो आणि देव स्वतः बोलू लागतो. तिथे तो म्हणतो, संकटात मी त्याच्याबरोबर असेन. म्हणजे संकट येणार, हे खुद्द त्या स्तोत्रानेच धरून ठेवलेलं आहे. आणखी एक जुनी गोष्ट तुमच्या उपयोगी पडेल. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती संन्याशाने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तीत निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेला तीन स्तोत्रं नेमलेली आहेत: 4, 91 आणि 134. बरावाईट जो काही दिवस होता तो सरल्यावर, अंधारात म्हणायचं हे स्तोत्र. सकाळी दिवसभराची खात्री पदरात पाडून घेण्यासाठी ते तिथे नाही. तुम्हीही ते सकाळवरून रात्रीवर न्या. एवढ्या बदलानेही शब्दांचा भाव पालटतो असा माझा अनुभव आहे.

भरवसा मुळात येतो कसा, याचं उत्तर मला स्तोत्रांच्या शिकवणीत कमी आणि त्यांच्या बोलण्याच्या वळणात जास्त सापडलं. कोणतंही स्तोत्र घ्या आणि पाहा, यात कोण कोणाशी बोलतंय? 23 सगळ्यांना पाठ असतं. सुरुवातीला देव 'तो' आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. मेंढपाळाची ही स्तुती तिसऱ्या कोणाला तरी ऐकवलेली आहे. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि नेमकं तिथेच वाक्य वळतं: मी भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस, तुझी आकडी, तुझी काठी. कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलू लागतो. दरी गेलेली नाही, काठी अजून हातात धरावी लागतेच आहे. बदललाय तो फक्त बोलण्याचा रोख.

माझ्या मते भरवसा तो एवढाच असतो. छातीत दाटून येणारी शांती येईल तेव्हा येईल. जे काही आहे ते कोणाकडे तोंड करून बोलायचं, हे मात्र आपल्या हातात असतं.

77 वं स्तोत्र याच्यासाठी अगदी सावकाश वाचण्यासारखं आहे, कारण ते झोप न येणाऱ्या माणसाचं आहे. रात्रभर हात पसरलेला आहे, मन समजूत घालून घ्यायला तयार नाही. देवाची आठवण काढतो तर कण्हायलाच येतं. 'तू माझे डोळे मिटू देत नाहीस', अशी त्याची तक्रार आहे. पुढे प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: प्रभू कायमचाच टाकून देणार का? पुन्हा कधी प्रसन्न होणारच नाही का? त्याची दया आटली का? वचन सरलं का? देव कृपा करायला विसरला का? रागाच्या भरात त्याने आपला कळवळा कोंडून ठेवला का? लागोपाठ सहा प्रश्न, आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर पुढे मिळत नाही. हा पहिला अर्धा भाग तुम्ही मोठ्याने वाचलात तर 'मी', 'माझं', 'मला' किती वेळा जिभेवर येतं ते लक्षात येईल.

मग तो म्हणतो, परमेश्वराची कृत्यं मी आठवीन. हे वाटणं नाही, ठरवणं आहे. मन तर अजून रुसलेलंच आहे. आणि तो आठवतो काय, तर मोशेच्या मागून इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून निघाले तेव्हा समुद्र दुभंगला ती जुनी गोष्ट, जी त्याने स्वतः पाहिलेलीही नाही, पूर्वजांकडून ऐकलेली आहे. तेराव्या वचनापासून पुढे 'मी' पार नाहीसा होतो. फक्त 'तू' उरतो: तुझा मार्ग, तुला पाहून जलं थरथरली, तुझी गर्जना. शेवटाकडे एक विलक्षण ओळ आहे: तुझी वाट समुद्रातून गेली, पण तुझ्या पावलांचे ठसे दिसले नाहीत. देवाने लोकांना कळपासारखं मोशे आणि अहरोनाच्या हातून नेलं, एवढं सांगून स्तोत्र संपतं. झोप लागली का? संकट टळलं का? काहीच सांगितलेलं नाही.

वेगळी दृष्टी कशाला म्हणायचं, असं कोणी विचारलं की मी याच स्तोत्राकडे बोट दाखवते. तुमचं दुःख लहान आहे, जगात याहून मोठी दुःखं आहेत, असं ते कुठेही म्हणत नाही. दुःख तेवढंच राहतं. ज्या गोष्टीत ते बसवायचं ती गोष्ट मोठी होते. आणि ठसे दिसत नाहीत म्हणून कोणी चाललंच नाही असं होत नाही, हे त्या माणसाला समुद्राच्या आठवणीतून उमगतं, कोणाच्या उपदेशातून नव्हे.

नोकरी गेलेल्या माणसाने 73 वंही हाताशी ठेवावं. आसाफ या जुन्या गवयाच्या नावावरचं हे स्तोत्र मत्सराबद्दल इतकं उघड बोलतं की प्रार्थनासभेत ते म्हणताना लोक जरा चुळबुळतात. दुष्टांचं बरं चाललंय, त्यांना ना वेदना ना विवंचना, अंग धरलंय, तोंड आभाळाला लागलंय. आणि मी हात स्वच्छ ठेवले ते फुकटच, असं तो म्हणतो. पाय घसरण्याच्या बेतात आला होता, हे तर दुसऱ्याच वचनात कबूल करून टाकतो. हे सगळं समजून घ्यायला गेलो तर ते मला फार जड गेलं, म्हणतो, 'देवाच्या पवित्रस्थानात गेलो तोवर'. तिथे त्याने काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, यावर स्तोत्र गप्प आहे. पण त्याच्या पुढच्याच वचनापासून तो देवाला 'तू' म्हणू लागतो. आणि मग मला फार आवडणारा भाग येतो. माझं मन कडवट झालं होतं, मी तुझ्यापुढे निव्वळ पशू होतो, असं सांगून तो पुढे म्हणतो: तरी मी सतत तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. कडवटपणा गेल्यावर देवाने हात धरला असं नाही; कडवटपणा होता तेव्हाही तो धरलेलाच होता, हे मागाहून कळलं.

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगून घेते. 'शांत राहा आणि मीच देव आहे हे जाणा' ही 46 व्या स्तोत्रातली ओळ दुःखात असलेल्या माणसाला गप्प करण्यासाठी सर्रास वापरली जाते. रडू नका, शांत राहा, देव आहे. मूळ ठिकाणी जाऊन पाहा. आधीच्या वचनात देव धनुष्य मोडतोय, भाले तोडतोय, रथ जाळतोय. शांत राहा हा हुकूम लढाया करणाऱ्या राष्ट्रांना आहे, रडणाऱ्याला नाही. रडणाऱ्याला 62 वं स्तोत्र काय सांगतं? त्याच्यापुढे आपलं मन मोकळं करा, ओतून टाका.

आता ढोंगाचा प्रश्न. यावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा लांबून येते. दीडशेतली साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. मोजणाऱ्यांच्या हिशेबात थोडा फरक पडतो, पण स्तोत्रांचा सर्वांत मोठा गट तोच. मंडळीत आपण गातो ती मात्र बहुतेक स्तुतीची. त्यामुळे प्रार्थना म्हणजे आनंदी किंवा निदान समाधानी तोंडाने बोलायची गोष्ट, असा समज मुरलेला असतो. 13 वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? 22 वं तर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' यानेच सुरू होतं, आणि येशूने वधस्तंभावर हेच शब्द घेतले. शेवटच्या घटकेला त्याला स्वतःचे शब्द सुचले नाहीत असं नाही. लहानपणापासून तोंडात बसलेलं स्तोत्र त्याच्या कामी आलं.

आणि 88 वं. बाकीच्या गाऱ्हाण्यांना शेवटी कुठेतरी वळण असतं, आशेची एखादी ओळ तरी असते. याला ती नाही. हे अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. माझ्या जवळची माणसं तू दूर केलीस, इथे ते थांबतं. एका वृद्ध गृहस्थांकडे मी जात असे. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना 23 वाचून दाखवायचा आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. एके दिवशी वैतागून म्हणाले, यात माझ्यासारख्या माणसाचं काही नाही का? मी त्यांना 88 वाचून दाखवलं. मी पुस्तक मिटायला लागले तर ते म्हणाले, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. त्यांना त्यानंतर बरं वाटलं, असा दावा मी करणार नाही. ते पुढेही चिडचिड करतच राहिले. पण स्वतःहून प्रार्थना ऐकायची इच्छा त्यांनी माझ्या देखत तेव्हा पहिल्यांदा दाखवली. त्या स्तोत्राची पहिली ओळ विसरू नका: 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा'. बाकी सगळा काळोख त्या हाकेच्या पोटात आहे.

तेव्हा न वाटणारे शब्द म्हणणं ढोंग आहे का? आपल्याला ते वाटतंय असं दुसऱ्याला दाखवण्यासाठी म्हटले तर आहे. देवापुढे 'हे मला आज म्हणवत नाही' असं सांगून म्हटले तर नाही. ती कबुलीही प्रार्थनेचाच भाग धरा. एखादी ओळ अडली तर तिथेच थांबून सरळ बोला: प्रभू, इथे लिहिलंय तू माझा आश्रय आहेस, मला काल रात्री कुठेच आश्रय मिळाला नाही, तरी ओळ वाचतो. असं बोललेलं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. सुबक प्रार्थनेपेक्षा त्यात जीव जास्त असतो.

दुसरं असं की स्तोत्रं आपली एकट्याची नाहीतच. कितीतरी स्तोत्रांच्या डोक्यावर 'मुख्य गवयासाठी' असा शेरा आहे. ती जमावाने गायची होती. म्हणजे आज तुम्ही जी ओळ म्हणताय ती आज तुमची नसेल, शेजारच्याची असेल. आनंदाचं स्तोत्र आलं आणि मन काळवंडलेलं असलं, तर ज्याच्या घरी आज आनंद आहे अशा कोणाला तरी डोळ्यांपुढे आणून त्याच्या वतीने म्हणा. ठीकठाक दिवशी 88 आलं, तर ज्याचा अंधार तुम्हाला ठाऊक आहे त्याच्या वतीने. ही सवय लागली की न जुळणारं स्तोत्र ही तक्रारच राहत नाही. स्वतःच्या परिस्थितीपलीकडे नजर जाते ती बहुधा याच वाटेने, फारसा गाजावाजा न होता.

शत्रूंना शाप देणाऱ्या स्तोत्रांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण क्रमाने म्हणायला लागलात की ती येणारच, म्हणून सांगते. 109 मध्ये शापांची माळ आहे. 137 'बाबेलच्या नद्यांजवळ' अशा करुण सुरात सुरू होतं आणि शत्रूची बाळं खडकावर आपटण्यापाशी येऊन संपतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकातल्या मोठ्या धर्मपरिषदेनंतर, कॅथलिक चर्चने आपलं दैनिक प्रार्थनाचक्र नव्याने बांधलं, तेव्हा 58, 83 आणि 109 ही स्तोत्रं त्यातून अख्खी वगळली आणि इतर काहींतली कडक वचनंही काढली. सार्वजनिक प्रार्थनेपुरता तो निर्णय मला समजतो. एकांतात मात्र मी ती वगळत नाही. ज्याने तुम्हाला कामावरून काढलं त्याच्याविषयी तुमच्या मनात काय चाललंय, ते देवाला माहीत आहेच. स्तोत्रकर्ता सूड मागतो, पण देवाकडे मागतो. स्वतः दगड उचलत नाही. राग तिथे नेऊन ठेवला की निदान तो घरात, आजारी माणसावर निघत नाही. मात्र नवख्या माणसाने पहिल्या फेरीत ही स्तोत्रं सोडून दिली तरी बिघडत नाही. आणि कोणाचं नाव घेऊन ती चारचौघांत कधीही म्हणू नयेत.

दृष्टीबद्दल आणखी एक स्तोत्र सांगायचं राहिलं, 90 वं. मोशेची प्रार्थना असा त्याचा मथळा आहे. देवाच्या लेखी हजार वर्षं कालच्या दिवसासारखी, रात्रीच्या एका प्रहरासारखी. आमचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी. आजाऱ्याच्या घरात हे म्हणावं की नाही, अशी शंका लोकांना येते. मी म्हणते, आजाऱ्याने मागितलं तर जरूर. नाहीतर तुम्ही एकटे असताना. कारण आमचे दिवस गणायला आम्हाला शिकव, अशी मागणी त्यात आहे. वडिलांच्या बाबतीत पुढे काय, या विचाराने आजचा दिवस हातचा जातो, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. हे स्तोत्र पुढच्याचं काही सांगत नाही. ते 'सकाळी आम्हाला तुझ्या दयेने तृप्त कर' म्हणतं आणि शेवटी अगदी साधी मागणी करतं, आमच्या हातचं काम स्थिर कर. काम शोधणाऱ्या माणसाला रोज सकाळी म्हणायला तेवढं एक शेवटचं वचनही पुरतं.

आता रोजचं कसं करायचं ते. मोठ्याने म्हणा, निदान ओठ हलवून. डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र डोक्यात राहतं आणि डोक्यात आधीच गर्दी असते. स्तोत्राची बहुतेक वचनं दोन भागांची असतात. पहिल्या भागात एक गोष्ट सांगितली की दुसरा भाग तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो, वाढवतो किंवा उलट बाजूने मांडतो. मठांत समूहाने म्हणताना या दोन भागांच्या मध्ये थांबतात. तुम्हीही थांबा, एक श्वास पूर्ण होईल इतकं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', मग श्वास, मग 'मला काही उणे पडणार नाही'. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटेल. नंतर त्या थांब्यातच आपलं काहीतरी वर येऊ लागतं, आणि ते येऊ द्यायचं असतं.

एकदा पूर्ण म्हणून झालं की मागे जाऊन एक वचन धरा. ओढून घेणारं असेल किंवा खुपणारं. खुपणारं बहुधा जास्त कामाचं निघतं. त्यावर देवाशी स्वतःच्या भाषेत दोन-चार वाक्यं बोला. मग गप्प बसा आणि उठा. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. घरात आजारी माणूस असताना तासभराची साधना ठरवून ती मोडल्याचं ओझं आणखी अंगावर घेऊ नका.

वडिलांपाशी वाचताना लहान स्तोत्र घ्या आणि रोज तेच घ्या: 121 किंवा 131. 131 तर तीनच वचनांचं आहे, आईच्या जवळ निवांत पडलेल्या बाळासारखा माझा जीव आहे, असं म्हणणारं. वाचण्यापूर्वी विचारा. नको म्हणाले तर तिथेच बसून मनात म्हणा. गुंगीत असले तरी वाचायला हरकत नाही; पाठ असलेलं स्तोत्र ऐकून बोलणं बंद झालेल्या माणसाचे ओठ हललेले मी पाहिले आहेत. पण तसं व्हावंच अशी वाट पाहत वाचू नका.

तुमच्यासाठी मात्र मी एकच आवडतं स्तोत्र धरून बसण्याऐवजी क्रम सुचवेन. याला फार जुना आधार आहे. बेनेडिक्टच्या मठांत आठवड्याला दीडशे पूर्ण होत, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की माझी वाटणी पसंत नसेल तर दुसरी करा, फक्त दीडशे सोडू नका. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने सोळाव्या शतकात तीच महिन्यावर आणली, सकाळ-संध्याकाळ मिळून तीस दिवसांत. दीडशेच्या दीडशे का, तर आपल्याला निवडायला दिलं की आपण आपल्या मनःस्थितीला साजेसंच निवडतो, आणि मग त्याच मनःस्थितीत फिरत राहतो. क्रम आपल्याला नको त्या दारातूनही आत नेतो. अपवाद एकच: नुकतं कोणी गेलं असेल, धक्का ताजा असेल, तर क्रम बाजूला ठेवून एकाच स्तोत्रात राहावं, हवं तितके दिवस.

महिन्याचा पूर्ण क्रम तुम्हाला सध्या झेपणार नाही, म्हणून तारखेची सोपी युक्ती वापरा. आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. तेरा तारीख असेल तर 13, 43, 73, 103, 133. या पाचांवरून नजर फिरवून एक म्हणा. तेराला तर गाऱ्हाणंही आहे, स्वतःच्या खिन्न जिवाला समजावणंही आहे, आसाफाचा मत्सरही आहे आणि 103 मधली मुलांवर कळवळणाऱ्या बापाची मायाही. निवडायला वाव राहतो, पण पाचांतच, त्यामुळे पळवाट फार लांब जात नाही. जुन्या कॅथलिक पुस्तकातून म्हणत असाल तर बहुतेक स्तोत्रांचा आकडा एकने कमी असतो, तिथे 23 वं शोधाल तर 22 वर सापडेल, एवढं लक्षात ठेवा.

एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, त्या दिवसाच्या तारखेचं घ्या. एकोणतीस तारखेच्या पाचांत 119 येतं. ते 176 वचनांचं आहे, म्हणून पुष्कळ लोक ते एकतीस तारखेसाठी राखून ठेवतात. तुम्ही त्यातली पहिली आठ वचनं म्हटली तरी चालेल. ते आठ-आठ वचनांच्या बावीस तुकड्यांतच बांधलेलं आहे.